उजव्या कानाची गाणी

दोन्ही. एक नव्हे, इअरफोनची दोन्ही बोंडं, दोन्ही कानांत. खिडकीपाशी माझ्या खुर्चीत बसून, मांजरानं डोळे मिटून दूध प्यावं तशी माझी बायको गाणी पीत होती आणि मी दारात किल्ली हातात धरून उभा होतो, परक्याच्या घरात शिरल्यासारखा. तिच्या मांडीवर माझा प्लेअर. त्याची वायर छातीपर्यंत एक होऊन आलेली आणि तिथून दुभंगलेली, एक फाटा डाव्या कानाला, एक उजव्या. उजवा फाटा माझा. त्या बोंडाला माझ्या कानाचा आकार आलाय असं मी लोकांना सांगतो, आणि माझ्या सांगण्यांपैकी ते जवळजवळ खरं आहे. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे नेमकं काय होतं, ते मला या वयात कळलं. आधी ती गुडघ्यांत थांबते, तिथे दुखतं म्हणून. मग वर जाते. मी खाकरलो. तिला ऐकू आलं नाही. कसं येणार? एक कान गाण्याला आणि एक कान घराला, हा आमच्या घरचा कायदा. दूध उतू जायला लागलं, दारावर कुणी आलं, तर घराचा कान उघडा हवा. आणि इथे राजरोस दिवसाउजेडी दोन्ही कान गाण्याला देऊन ही बाई बसलेली, घराला वाऱ्यावर सोडून. घराला म्हणजे मला. गाण्याच्या कुठल्याशा जागी तिच्या भुवया वर गेल्या. ती जागा मला ठाऊक असायला हवी होती. भुवया वर जाव्यात असं त्या गाण्यांत काही आहे, हे मला माहीतच नव्हतं.

मुळात मी तेव्हा घरी असायला नको होतं, नाहीतर प्लेअर तरी घरी असायला नको होता. तो कायम माझ्या शर्टाच्या खिशात असतो. पण लेकीनं नवा शर्ट आणलेला आणि त्याला खिसाच नाही. 'बाबा, आता कुणी खिसे लावत नाही,' ती म्हणाली. मी म्हटलं, 'मग लोक ठेवतात कुठे?' 'काय ठेवायचं असतं?' खिशात काय ठेवायचं असतं हे ज्यांना विचारावं लागतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही. प्लेअर टेबलावर ठेवला, नवा शर्ट चढवला आणि कवळीचं माप द्यायला गेलो, तर दातांच्या डॉक्टरचीच दाढ सुजलेली. गालाला फडकं बांधून तो दुसऱ्या डॉक्टरकडे गेला होता. हे मी रचलेलं नाही. रचायचं असतं तर मी त्याचे सगळे दात पाडले असते. परतताना मी वाटभर ही गोष्ट मनात घोळवत होतो, कुठे थांबायचं, कुठे फडकं सोडायचं. मी असं काही घेऊन घरात शिरलो की ती आधी हसते आणि मग विचारते, 'यातलं खरं किती?' आज तिनं मान वळवली नाही. चांगली भाजलेली गोष्ट हातात थंड होते तेव्हा काय होतं ते ज्यानं कधी गोष्ट सांगितली नाही त्याला नाही कळायचं.

हा प्लेअर मला एका जहाजाच्या कप्तानानं दिला. निदान शेजारच्या शिंप्याला मी तसं सांगितलंय. न्हाव्याला माहीत आहे ते असं की मी एका विमानात कुणा श्रीमंत विधवेला घास घशात अडकून मरता मरता वाचवलं आणि तिनं तो गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातला. खरं म्हणाल तर कोपऱ्यावर गाण्यांचं दुकान होतं, तिथून विकत घेतला. पण खऱ्याच्या अंगावर मांस नसतं, त्याला चार घास घालावे लागतात. त्या काळी ही वस्तू नवी होती. काडेपेटीहून जरा मोठी, एका पेन्सिल सेलवर चालणारी, आणि आत गाणी मावायची ती बोटांवर मोजावीत एवढीच. ना कॅसेट, ना तबकडी, आत फिरतं असं काहीच नाही. मी कानाशी धरून हलवून पाहिलं तेव्हा दुकानदार म्हणाला, 'काका, औषधाची बाटली नाही ती.' त्याच्या आवडीचा कुणी जुना गायक होता, रेडिओवर कधी न लागलेला, तिऱ्हाईत. त्याच्या रेकॉर्डी दुकानदारानं कॉम्प्युटरवर घेतलेल्या. त्या त्यानं जाड वायरीतून माझ्या काडेपेटीत उतरवल्या आणि म्हणाला, 'ही संपली की या, बदलून देतो.' गाणी कुठली संपायला? दुकान संपलं. गाणी बदलण्याची जी काही युक्ती होती ती नव्या कॉम्प्युटरांना कळेना. लेकीनं एक अख्खी दुपार घालवली आणि शेवटी म्हणाली, 'बाबा, याच्याशी बोलणारं आता कुणी उरलं नाही.' झालं, तीच गाणी राहिली. लोकांच्या फोनात आता समुद्र असतो, माझ्याकडे हौद आहे. पण समुद्रात कुणाला तळ दिसलाय?

डावा कान माझा छापखान्यानं खाल्ला. मशीन माझ्या डाव्या हाताला असायचं, आणि पोटापाण्यासाठी माणूस काय काय देतो, मी एक कान दिला. म्हणून आमची बैठक पहिल्या दिवसापासून ठरली: ती माझ्या उजव्या अंगाला, उजवं बोंड माझ्या चालत्या कानात, डावं बोंड तिच्या डाव्या कानात. वायर आखूड, त्यामुळे डोकी जवळ. तरुणपणी जे लोकलाजेस्तव जमलं नाही ते या वायरीनं उतारवयात जमवलं. संध्याकाळचा चहा झाला की आम्ही समोरच्या बसथांब्यावर जाऊन बसतो. घरातल्या खुर्च्यांना हात आहेत, डोकी जवळ येत नाहीत. थांब्याचा बाक सलग आहे. बसचे ड्रायव्हर आम्हाला पाहून वेग कमी करतात आणि मी त्यांना हातानं 'जा, जा' करतो. एकदा एका नव्या ड्रायव्हरनं दार उघडून विचारलं, 'कुठे जायचंय?' तर ही म्हणाली, 'हे गाणं संपलं की घरी.' आणि मी गातो. एका कानाच्या माणसाला हळू गाता येत नाही, त्याला स्वतःचा आवाज पुरत नाही. गायकाच्या अर्धं पाऊल मागे राहून मी गातो, त्याचा शब्द लागला नाही तिथे माझा घालतो, आणि ती मान डोलावते. कधी म्हणते, 'कालचं कडवं पुन्हा म्हणा.' मी म्हणतो. इतकी वर्षं मला वाटत आलं की ही मान दोघांसाठी डोलते, थोडी त्याच्यासाठी, थोडी माझ्यासाठी.

मी पुढे गेलो आणि तिच्या खांद्याला हात लावला. ती दचकली नाही. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, पाहुण्याकडे पाहतात तसं.

'आलात?' ती मोठ्यानं म्हणाली. कान भरलेली माणसं बोलतात तशी.

'मी आलो. तू कुठे गेली होतीस?'

तिनं एक बोंड काढलं. माझंच. 'यात कुणीतरी गातंय,' ती म्हणाली.

'अगं, गाण्यात गाणार नाही तर काय स्वयंपाक करणार?'

'थट्टा नको. हा बाप्या कोण आहे?'

'गायक आहे तो! त्याचीच तर गाणी आहेत.'

'कधीपासून?'

हा काय प्रश्न झाला? मी म्हटलं, पहिल्यापासून, दुकानातून आणला त्या दिवसापासून, त्याच्याशिवाय आत दुसरं आहे कोण? ती बोंडाकडे बघत राहिली, डाळीत खडा निघाल्यावर बघावं तसं. 'माझ्या बाजूला नव्हता,' ती म्हणाली. 'माझ्या बाजूला नुसतं वाजतं. व्हायोलिनं वाजतात, बासरी वाजते, मधूनच कुणीतरी घंटी हलवल्यासारखं करतं. गाणं म्हणायचात ते तुम्ही.'

मला हसू आलं. कबूल करतो, आधी हसूच आलं, कारण मला वाटलं ही माझ्याच वाटेनं जातेय, थाप मारतेय, आणि चांगली मारतेय. मी म्हटलं, 'वा! पुढे?' पण तिच्या चेहऱ्यावर पुढे काही नव्हतं. तिनं प्लेअर बंद केला, वायर नीट गुंडाळली, टेबलावर ठेवली. मग पदराला हात पुसले, ओले नसताना.

'तुम्ही म्हणाला होतात, शब्द माझे आहेत.'

म्हणालो होतो. ते मला लख्ख आठवलं, आणि आठवलं म्हणून तर संताप दुप्पट झाला. पहिलाच दिवस होता. बाकाला नवा रंग दिलेला, त्याचा वास येत होता, आम्ही जुनं वर्तमानपत्र पसरून बसलो होतो. गायकाच्या मागून मी म्हणत गेलो, पहिलं गाणं संपलं आणि ही वायर ओढून धरत म्हणाली, 'शब्द छान आहेत हो. कुणाचे?' आता मला सांगा, कानात एक माणूस गळा फाडून गातोय, दोघांच्या कानांत गातोय अशी माझी पक्की समजूत आहे, आणि बायको विचारते शब्द कुणाचे, तर कुठलाही धड माणूस काय समजेल? ही खेळतेय. मला डाव देतेय. मी मिशीवर ताव देऊन म्हटलं, 'कुणाचे म्हणजे? माझेच.' ती म्हणाली, 'खरंच?' मी म्हटलं, 'तुझी शपथ.' आणि ती हसली. ते हसू मी थट्टेचं म्हणून खिशात घातलं आणि विसरून गेलो. मी कप्तान रचले, विधवा रचल्या, छापखान्यात एकदा शाईच्या पिंपात मगर सोडली. शेंबडं पोरसुद्धा माझ्यावर विश्वास ठेवत नाही. गल्लीत मी घड्याळात बघून वेळ सांगितली तरी लोक दुसऱ्याला विचारतात. आणि जिला माझी नस न् नस ठाऊक, जी माझं प्रत्येक वाक्य दुधासारखं गाळून घेते, तिनं विश्वास ठेवायला नेमकं हेच वाक्य निवडलं? ही तक्रार मी कुणाकडे न्यायची?

'ताईला मी म्हणून दाखवायचे,' ती म्हणाली. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. लग्न ठरताना जी म्हणाली होती की हा मुलगा बोलतो फार, आणि जन्मभर जिनं माझं नाव न घेता मला 'तुझे ते' म्हटलं. 'शेवटी शेवटी तिला काही नको असायचं. औषध नको, पाणी नको. म्हणायची, तुझ्या नवऱ्याचं म्हण. मी म्हणायचे. एकदा म्हणाली, थापाड्या आहे मेला, पण हे सुचतं कसं गं त्याला? आत कुठेतरी असणार. मी म्हटलं, आहे ताई. आत आहे.'

मी लेकीला फोन लावला. दुसऱ्याला फोन लावणं हा उत्तर नसलेल्या माणसाचा जुना उपाय. सगळं ऐकून लेक म्हणाली, 'बाबा, जुन्या रेकॉर्डिंगमध्ये असं करायचे. आवाज एका बाजूला, वाद्यं दुसऱ्या बाजूला. दोन्ही कानांनी ऐकलं की जुळतं.' 'दोन्ही कानांनी,' मी म्हटलं. 'आणि माझ्यासारख्यानं काय करायचं? अर्ध्या किमतीत द्यायची होती मग रेकॉर्ड!' 'तुम्ही कधी बोंडं अदलाबदल करून नाही पाहिलीत?' 'कशाला? बोंडावर उजवा-डावा लिहिलेलं असतं. मी नियमानं वागणारा माणूस आहे.' लेक तिकडे हसली. मग म्हणाली, 'आई काय करतेय?' आई भांडी घासत होती, घासलेलीच. 'बाबा, तिनं कधी मागितला नाही का तुमच्याकडे? एकटीनं ऐकायला?' मी म्हटलं, तिला हवा असता तर तिनं मागितला असता, तोंड आहे तिला. फोन ठेवला तर स्वयंपाकघरातून आवाज आला, 'मागायचं काय त्यात? तुमच्या खिशात असायचा.'

म्हणजे हेही माझ्याच नावावर. सेल लवकर संपू नये म्हणून मी जपला, त्याची काच फुटू नये म्हणून उराशी बाळगला, आणि आता ऐका, माझ्या खिशात असायचा! मी तणतणत खुर्चीत बसलो. खुर्ची तिच्या अंगानं कोमट होती. प्लेअर उचलला आणि ज्या बोंडाला मी कधी हात लावला नव्हता ते, तिचं, डावं बोंड माझ्या उजव्या कानात कोंबलं. तिच्या केसांच्या तेलाचा वास आला. बटण दाबलं. पहिलं गाणं, मला झोपेतही म्हणता येणारं, आणि तो गायक नाहीच. त्याच्या जागी एक वाडी वसलेली. व्हायोलिनं माणसं चालावीत तशी चालत होती, कुणी पुढे, कुणी रेंगाळत. बासरी एकदा येऊन गेली आणि नंतर जिथे यावी असं वाटे तिथे आली नाही. घंटी हलवणारा कुणी खरंच होता, आणि तो उशिरा हलवायचा, मुद्दाम. ज्या जागांवर मला वाटायचं की गायक दम घ्यायला थांबतो, तिथे तो थांबत नव्हता, वाट देत होता. भिंतीपलीकडे एवढं बिऱ्हाड नांदत होतं आणि मला आजवर पत्ता नव्हता. ती त्यांच्यात राहत होती. आणि त्या सगळ्या वाजवणाऱ्यांच्या मधोमध मोकळी सोडलेली एक जागा होती, उंबऱ्याएवढी, तिच्यात ती मला उभं करत होती, रोज. माझा भसाडा आवाज. माझे चुकलेले शब्द. तिला वाटायचं, ही सगळी मंडळी याच्यासाठी वाजवतायत. मला आणखीच राग आला. कुणाचा ते विचारू नका. गायकाचा आला, तो माझ्या जागेवर उभा होता म्हणून. रेकॉर्ड करणाऱ्याचा आला. मेलेल्या मेहुणीचा आला, तिनं जन्मात एकदा माझं कौतुक केलं आणि तेही चुकीच्या पत्त्यावर गेलं. हे कौतुक परत करायचं म्हटलं तर कुठे करायचं? आणि ठेवायचं म्हटलं तर कसं ठेवायचं?

चहाची वेळ झाली. तिनं दोन कप केले, एक माझ्यासमोर ठेवला आणि दुसरा घेऊन खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. एरवी या वेळी ती पायात चपला सरकवते आणि 'चला' म्हणते. तिनं म्हटलं नाही. खाली थांब्यावर एक बस आली, जरा रेंगाळली आणि गेली. मी म्हटलं, 'चलायचं ना?'

'तुम्ही जा.'

'म्हणजे?'

'दोन्ही कानांत घालून बसा. आता माझ्याच्यानं नाही व्हायचं. तुम्ही म्हणायला लागलात की मला तो दिसेल.'

'अगं, पण तो आधीपासून होता!'

'माझ्यासाठी आज आला,' ती म्हणाली.

इतकं शांत बोलली की मला धडकी भरली. रागावलेल्या बायकोला उत्तर असतं, दमलेल्या बायकोला नसतं. उद्यापासून मी त्या बाकावर एकटा, वायरीचा एक फाटा लोंबत सोडून, आणि ड्रायव्हर मला खरोखरचा उतारू समजून थांबणार. हे माझ्या डोळ्यांपुढे स्वच्छ उभं राहिलं आणि घशाशी काहीतरी आलं. मला सवयीनं वाटलं, चला, गोष्ट आली. मी तोंड उघडलं. गोष्ट नव्हती. कप्तान नव्हता, विधवा नव्हती, मगर नव्हती. म्हणून जे समोर होतं त्यालाच मी शिव्या द्यायला लागलो. म्हटलं, चहावर साय आली आणि कुणाला पर्वा नाही. म्हटलं, खिडकीला एवढी मोठी काच आणि तिच्यात माणसाला नुसती बायकोची पाठ दिसते. म्हटलं, वेणीतून केस सुटलाय, मानेवर पांढरा, तो सांगू की नको सांगू, सांगितला तर म्हणेल थाप मारतोय. म्हटलं, पाठीला कान नसतात हे देवानं वाईट केलं. मी भांडत होतो, शपथेवर सांगतो भांडतच होतो. पण एका कानाच्या माणसाला स्वतःचा आवाज कुठे जातोय ते उशिरा कळतं. तो चढला, वळला, चालीत शिरला, साय आणि पाठ एकमेकींना येऊन भेटल्या आणि मी पुन्हा पहिल्या ओळीवर आलो. मला कुणीही यायला सांगितलेलं नसताना.

मी थांबलो. तिनं कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला. वळली नाही.

'हे कुणाचं?' तिनं विचारलं.

'कुणाचं म्हणजे? आता यात आणखी कोण लपलंय?' मी ओरडलो.

तिनं काचेतून खालच्या रस्त्याकडे पाहिलं.

'भिकार आहे,' ती म्हणाली. 'पुढचं म्हणा.'

पुढचं मला माहीत नव्हतं. तोंड मात्र मी उघडून बसलो होतो.